किनाऱ्याला लागलेला देवमासा आणि आकाशातला डोळा

बेळगाव हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे शहर. समुद्राची गाज तेथे ऐकू येत नाही आणि खाऱ्या वाऱ्याचा स्पर्शही फारसा होत नाही. तरीही एक काळ असा होता, की रेवदंड्यापासून कारवारच्या पलीकडेपर्यंतच्या किनाऱ्याचा कारभार याच शहराकडे पाहून चाले. मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाच्या आयुक्तांचे ठाणे बेळगावात होते, आणि बेळगाव, धारवाड व विजापूर यांच्याबरोबर कुलाबा, रत्नागिरी आणि कानडा हे किनारपट्टीचे जिल्हेही त्याच विभागात मोडत. पोर्तुगीजांचा गोवा आणि सिद्दीचे जंजिरा संस्थान मात्र वेगळे. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल आंबोलीचा घाट चढून बेळगावच्या छावणीत व पेठेत येई आणि घाटावरचा माल त्याच वाटेने खाली जाई. पुढे लोहमार्ग मुरगावला जाऊन भिडला आणि वेंगुर्ल्याची भरभराट ओसरली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सरकारी कागद तुटला, माणसांची ये-जा मात्र तुटली नाही. आजही बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या भागांतील कुटुंबे दिवाळीची सुट्टी लागली म्हणजे आंबोलीचा नाही तर फोंड्याचा घाट उतरून कोकणात जातात. मालवण, कुणकेश्वर आणि गणपतीपुळे ही त्यांची ठरलेली ठिकाणे.

२०२३ सालची दिवाळी अशीच होती. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या वाळूवर देवमाशाचे एक पिल्लू लागलेले लोकांनी पाहिले. त्याची लांबी सुमारे २० फूट होती आणि ते निळ्या देवमाशाचे पिल्लू असल्याचे सांगण्यात आले. पुढे जे घडले ते या किनाऱ्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. वन विभाग, पोलीस, तटरक्षक दल, पशुवैद्य, किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि गावकरी असे सर्वजण त्या एका मुक्या जिवासाठी धावले. त्याच्या अंगावर पाणी मारण्यात आले. भरती आली की त्याला खोल पाण्यात ओढून नेण्याचा प्रयत्न होई, ओहोटी लागली की ते पुन्हा वाळूवर पडे. सुमारे ४० तासांच्या खटपटीनंतर त्याला समुद्रात नेऊन सोडण्यात यश आले. वृत्तपत्रांनी आनंदाने ते वृत्त छापले. परंतु पिल्लू पुन्हा किनाऱ्याकडे वळले आणि १६ नोव्हेंबरला ते मरण पावल्याचे जाहीर झाले.

या घटनेत कोणाला दोष देणे अन्यायाचे होईल. इतकी माणसे इतका वेळ एका प्राण्यासाठी झटली, हीच मुळात नवी गोष्ट होती. परंतु एक प्रश्न उरतो आणि तोच या विषयाचा गाभा आहे. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतेच २० ते २३ फुटांचे असते आणि पहिले सहा-सात महिने ते आईच्या दुधावर वाढते. म्हणजे गणपतीपुळ्याला लागलेले पिल्लू वयाने अगदी तान्हे होते. त्याला नुसते खोल पाणी पुरणार नव्हते, त्याला आई हवी होती. ती कोठे होती? जवळच घुटमळत होती, की कित्येक मैल दूर गेली होती, की जिवंतच नव्हती? वाळूत उभ्या असलेल्या माणसाला याचे उत्तर मिळणे शक्य नसते. सहा फूट उंचीच्या माणसाची दृष्टी समुद्रावर फार तर पाच किलोमीटर जाते, आणि तीही लाटांच्या चकाकीवरून घसरत जाते. पाण्याच्या आत शिरत नाही. पिल्लू सोडल्यानंतर ते कोणत्या दिशेने गेले हेही किनाऱ्यावरून कळत नाही. देवमासा ज्या क्षणी पाण्यात जातो, त्याच क्षणी तो त्याला वाचवणाऱ्यांच्या दृष्टीआड होतो.

माणसाची आणि देवमाशाची गाठ या पश्चिम समुद्रात फार जुनी आहे. इ. स. पूर्व ३२५ साली सिकंदराचा सेनानी निआर्कस सिंधूच्या मुखातून आपला तांडा घेऊन पश्चिमेकडे निघाला, तेव्हा समुद्रातून उसळणारे पाण्याचे फवारे पाहून त्याच्या खलाशांच्या हातची वल्ही गळून पडली. हे काय आहे म्हणून त्याने वाटाड्यांना विचारले, आणि हे देवमासे आहेत असे कळताच गलबते एका रांगेत लावून, मोठ्याने आरोळ्या ठोकीत व तुताऱ्या फुंकीत त्यांच्यावर चाल केली. देवमासे बुडी मारून निघून गेले. हा वृत्तांत आरियन या ग्रीक ग्रंथकाराने लिहून ठेवला आहे. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात अडकून मेलेल्या देवमाशांची हाडे मकराणच्या किनाऱ्यावरील लोक घरांसाठी वापरतात, मोठ्या हाडांची दारे करतात, असेही तो सांगतो. किनाऱ्याला लागलेला देवमासा म्हणजे समुद्राने धाडलेले लाकूडसामान, असा तो हिशेब होता. त्याला परत पाण्यात ढकलावे ही कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

पुढची दोन हजार वर्षे माणसाने देवमाशाकडे पाहिले ते बहुतांशी मारण्यासाठीच. आणि येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. देवमासा शोधायचा तर उंच जावे लागते, हे शिकाऱ्याला फार लवकर कळले होते. शिकारी जहाजांच्या डोलकाठीच्या टोकावर टेहळ्या बसवीत. फवारा दिसला की तो वरून ओरडे आणि खाली होड्या सुटत. दुसरे महायुद्ध संपताच १९४६-४७ च्या हंगामात ‘बलीना’ हे इंग्रज जहाज अंटार्क्टिकाच्या समुद्रात शिकारीला गेले, तेव्हा त्याने देवमासे हेरण्यासाठी युद्धातून मोकळी झालेली विमानेच बरोबर नेली होती. त्याच १९४६ साली देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, पण निळा देवमासा जवळजवळ नाहीसा होईपर्यंत त्या करारातून फारसे निष्पन्न झाले नाही. हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयक्षेत्र म्हणून १९७९ साली घोषित झाले आणि व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव १९८२ साली संमत झाला. उंचावरचा जो डोळा इतकी वर्षे मारेकऱ्याच्या सेवेत होता, तो रक्षकाच्या सेवेत यायला आणखी तीस वर्षे लागली.

तो डोळा म्हणजे आजचा ड्रोन. सीमाभागाला हे यंत्र अपरिचित नाही. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा आणि उसावर औषध फवारणारा ड्रोन निपाणी-चिकोडीच्या बाजूला कोणीही पाहिलेला असतो. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग घडवण्याचा उद्योगच उभा आहे. उंचावरून किनारा गाठण्याचा अनुभवही या भूमीला आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी करणारी हंटर विमाने बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरूनच उडाली होती. ‘ड्रोन’ या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ मधमाश्यांतला नर. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी तोफखान्याच्या सरावासाठी वैमानिकाविना उडणारे एक विमान केले आणि त्याला ‘राणीमाशी’ असे नाव दिले. त्यावरून पुढच्या यंत्रांना नरमाशीचे नाव चिकटले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नेमबाजीसाठी जन्मलेले हे यंत्र शुश्रूषेच्या कामी येईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

देवमाशांच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग ओळखला तो एका अगदी घरगुती युक्तीतून. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात काम करणाऱ्या संशोधकांना देवमाशांच्या श्वासातील रोगजंतू तपासायचे होते. जिवंत देवमाशाचे रक्त काढणार कसे? त्यांनी खेळण्यातल्यासारख्या एका लहान हेलिकॉप्टरला काचेच्या बशा बांधल्या आणि ते देवमाशाच्या फवाऱ्यातून उडवले. बशांवर जमलेल्या थेंबांतून जंतू सापडले, आणि ते संशोधन २०१० साली प्रसिद्ध झाले. २०१४ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सहा पंख्यांच्या एका ड्रोनने ओर्का जातीच्या प्राण्यांची छायाचित्रे शंभर फुटांहून अधिक उंचीवरून घेतली. यंत्राची उंची ठाऊक असली की छायाचित्रातील आकारावरून प्राण्याची लांबी-रुंदी गणिताने काढता येते. कोणता प्राणी रोडावला आहे, कोणती मादी गाभण आहे, हे त्या चित्रांवरून सांगता आले, आणि त्या प्राण्यांना त्याची फारशी चाहूलही लागल्याचे दिसले नाही. वैद्याने नाडीला हात न लावता रोग्याची प्रकृती जाणावी, तसाच हा प्रकार.

परंतु अभ्यास वेगळा आणि संकट वेगळे. संकटाच्या वेळी वरून पाहण्याची किंमत काय असते, हे २०२० च्या सप्टेंबरात टास्मानियात दिसून आले. तेथील मॅक्वारी बंदराच्या उथळ वाळूत पायलट जातीचे देवमासे मोठ्या संख्येने अडकले. आरंभी सुमारे २७० प्राणी मोजले गेले आणि त्यांच्या सुटकेचे काम सुरू झाले. दोन दिवसांनी हवाई पाहणी झाली, तेव्हा काही किलोमीटर दक्षिणेला आणखी सुमारे २०० प्राणी आढळले. त्यांच्यातील बहुतेक तोवर मेलेले होते. एकूण संख्या ४७० च्या घरात गेली आणि त्यांतील शंभराच्या थोडे वर प्राणी वाचले. ती पाहणी हेलिकॉप्टरमधून झाली. हेलिकॉप्टर महाग असते, दुरून मागवावे लागते, आणि तो खर्च कोणी करायचा याचा निर्णय होईपर्यंत ओहोटी लागते. ड्रोन पेटीत घालून मोटारसायकलवरून नेता येतो. दोहोंतला खरा फरक येथे आहे.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही असे सामुदायिक अरिष्ट येऊन गेले आहे. १४ जानेवारी १९७३ रोजी तमिळनाडूतील तिरुचेंदूरजवळच्या किनाऱ्यावर १४७ पायलट देवमासे लागल्याची नोंद आहे. ४३ वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीतच, त्याच टापूत मणपाडजवळ पुन्हा ८० हून अधिक देवमासे वाळूवर आले. मच्छीमारांनी रात्रभर खपून त्यांना होड्यांनी खोल पाण्यात नेले, आणि त्यांतील पुष्कळ पुन्हा किनाऱ्याकडे वळले. हे प्राणी कळपाने राहतात. कळपातला एक आजारी पडून किनाऱ्याकडे वळला की बाकीचे त्याची साथ सोडत नाहीत, असे अभ्यासक मानतात. मागे राहिलेल्यांची हाक ऐकू येत असताना सुटलेला प्राणी पुढे जाईल कसा? म्हणून सोडलेला प्राणी कोठे वळतो आहे हे तत्काळ कळणे, आणि तो वळताच होड्यांनी त्याला आडवे जाणे, याला एवढे महत्त्व आहे. या कामी ड्रोनसारखे दुसरे साधन नाही. लाटांवर हिंदकळणाऱ्या होडीतल्या तांडेलाला जे दिसत नाही, ते शंभर मीटर उंचीवरून सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला दिसते, कारण वरून पाहताना पाण्याची चकाकी पुष्कळशी आड येत नाही. रापणीचा अनुभवी मच्छीमार उंचवट्यावर उभा राहून पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखतो. त्याचीच ही विद्या, केवळ तो उंचवटा आता हवा तेथे नेता येतो.

या यंत्राविषयी भाबडी भक्ती मात्र बाळगू नये. २५ जुलै २०२३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील चेन्स बीच येथे पायलट देवमाशांचा एक कळप किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर घट्ट गोळा होऊन थांबला होता. ड्रोनने ते दृश्य आधीच टिपले आणि जगभर लोकांनी ते पाहिले. कळप किनाऱ्याला लागण्यापूर्वी दिसला, म्हणजे टास्मानियात जे हुकले ते येथे साधले होते. तरीही सुमारे ९७ प्राण्यांपैकी एकही वाचला नाही. निम्म्याहून अधिक पहिल्या रात्रीच गेले. उरलेल्यांना समुद्रात नेण्याचा प्रयत्न झाला, ते पुन्हा वाळूवर आले, आणि अखेर पशुवैद्यांनी त्यांना वेदनारहित मरण दिले. डोळ्याने आपले काम केले होते, पण दिसले त्यावर काय करायचे हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते.

वाळूवर आलेल्या देवमाशाला वेळ फार थोडा असतो. पाण्यात त्याचे वजन पाणी तोलते. जमिनीवर त्याच्याच देहाच्या भाराखाली त्याची फुप्फुसे दबतात आणि स्नायू चिरडतात. चरबीचा जाड थर, जो थंड पाण्यात त्याला ऊब देतो, तोच उन्हात भट्टी होतो. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला, आणि प्रयत्न करूनही तो वाचला नाही. पूर्ण वाढलेला निळा देवमासा ८० फुटांच्या घरात असतो. म्हणजे हाही लहानच. विशेष असे, की त्याच वर्षी सिंधुदुर्गच्या समुद्रात कुणकेश्वरजवळ निळा देवमासा आणि पिल्लू दिसल्याचे अभ्यासकांनी जाहीर केले होते. एका शतकानंतर हा प्राणी महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ जिवंत दिसला, म्हणून सर्वांना आनंद झाला होता. जेथे हे प्राणी येतात तेथे त्यांची पिल्लेही चुकतात. तेव्हा गणपतीपुळ्याची घटना शेवटची असेल असे समजण्याचे कारण नाही.

भारत सरकारने २८ जानेवारी २०२१ रोजी किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या समुद्री प्राण्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला ड्रोनचे नवे नियम आले. त्या नियमांप्रमाणे मोकळ्या टापूत ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याहून जवळ परवानगी हवी. मालवण आणि वेंगुर्ले यांच्यामध्ये चिपी येथे २०२१ साली विमानतळ सुरू झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे भोवतालच्या किनाऱ्यावर ही परवानगी संकट येण्यापूर्वीच घेऊन ठेवणे किती जरुरीचे आहे ते कळून येईल. देवमासा वाळूवर पडल्यानंतर अर्ज लिहीत बसणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. शिवाय एका बॅटरीवर लहान ड्रोन अर्धा तास उडतो. कोकणातल्या पावसाळी वाऱ्यात तो उडत नाही, आणि पावसाळ्यात गढूळ झालेल्या पाण्यात त्याला काही दिसतही नाही. फार खाली आणला तर त्याचा गुणगुणाट आधीच भेदरलेल्या प्राण्याला आणखी त्रास देतो.

अडचण आणखी एक आहे, आणि ती सीमाभागातील वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. रेडीच्या किनाऱ्यावर सोडलेला प्राणी तेरेखोलचे मुख ओलांडून केरीच्या वाळूवर आला, तर तो गोव्यात आला. आणखी दक्षिणेला काळी नदीच्या मुखापर्यंत गेला, तर तो कर्नाटकात कारवारला लागेल. तीन राज्ये, तीन वनखाती. देवमाशाला यांपैकी कोणतीही सीमा ठाऊक नाही. उंचावरून टिपलेले दृश्य एका जिल्ह्याच्या कचेरीतच राहिले, तर त्याचा उपयोग अर्धाच. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा वरच्या धरणातून किती पाणी सुटले याची वार्ता वेळेवर कळण्याचे मोल निपाणीकरांनी चांगलेच अनुभवले आहे. तेथेही पाणी एका राज्यातून येत होते आणि माणसे दुसऱ्या राज्यात अडकत होती.

राहता राहिली गर्दी. दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जे हजारो लोक असतात, त्यांत घाटावरचे लोक थोडे नसतात. वाळूवर देवमासा दिसला म्हणजे त्याच्याभोवती कडे करून उभे राहणे, त्याच्या पाठीवर हात फिरवणे, त्याच्याबरोबर छायाचित्र घेणे, हे सारे कुतूहलापोटीच घडते. पण प्रत्येक स्पर्शाने आणि ओरड्याने त्या प्राण्याची उरलीसुरली शक्ती खर्च होत असते. हल्ली काहींजवळ उडवायला लहान ड्रोनही असतात, आणि हौसेने उडवलेले असे चार-पाच ड्रोन एकाच वेळी घिरट्या घालू लागले तर ज्यांना कामासाठी तो उडवायचा आहे त्यांची वाट अडते. जाणकार येईपर्यंत सामान्य माणसाने करण्याजोगे थोडेच आहे. अंगावर ओले कापड टाकावे, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र मोकळे ठेवावे आणि त्यात पाणी जाऊ देऊ नये. शेपटीला किंवा परांना दोर बांधून ओढू नये. शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नये. मुलांना दूर ठेवावे. आणि सर्वांत आधी, म्हणजे छायाचित्र घेण्याच्याही आधी, महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवून ठिकाण, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती कळवावी.